मामाच्या यादीतली तीन नावं

ऑफिसं बंद पडतात, माणसं परदेशी जातात, किस्से मात्र आपल्यापाशीच साचत राहतात. हे ज्यांच्याबरोबर घडले, त्यांनाच पुन्हा पुन्हा सांगून हसायची सवय होती. आता ते इथे नाहीत, म्हणून तुम्हाला सांगतोय.

*

इंटरनेट नवंनवं होतं. काचीगुडा स्टेशनसमोर रावसरांच्या छोट्याशा कंपनीत आम्ही तिघे: वेंकट, साजिद आणि मी. एका बस कंपनीच्या चॅटरूमसाठी आम्ही बॉट बनवला. नाव 'मामा'. कमांड टाइप केली की मामा बसची माहिती देणार.

एकदा साजिदने टेस्ट म्हणून चालू चॅटरूममध्येच 'बस रद्द' ही कमांड मारली. मामाने सगळ्या प्रवाशांना कळवून टाकलं! फोनवर फोन. रावसर कडाडले, "बस तुम्हारे अब्बा की है क्या?"

त्याच दिवशी आम्ही डेव्हलपमेंट मोड बनवला. टेस्टिंगची रूम वेगळी, आणि तिथे मामा ऐकणार फक्त यादीतल्या तीन नावांचं, म्हणजे आमचंच.

*

रावसर पाहुण्यांना घेऊन आले. टेस्टिंगच्या चॅटरूममध्ये ऐटीत 'हॅलो' टाइप केलं. मामा गप्प! पुन्हा हॅलो. गप्पच.

"सर, लिस्ट में आपका नाम नहीं है," वेंकट हळूच म्हणाला.

"कंपनी मेरी है!"

"मामा को नहीं मालूम, सर!"

*

साजिदने गुपचूप एक कमांड घातली: 'चाय'. आमच्यापैकी कुणीही टाइप केली की तिघांच्या स्क्रीनवर यायचं, "चाय तैयार, नीचे आ जाव!" आणि आम्ही धडाधड जिना उतरून खालच्या इराणी हॉटेलात.

*

वेंकट अमेरिकेला गेला. वर्षभरात साजिदही. निघताना म्हणाला, "लिस्ट में से मेरा नाम नक्को निकालो, भाई."

एका दुपारी मीच 'चाय' टाइप केलं. मामाने बोलावलं. खाली जाऊन एकटाच बसलो. फार एकटं वाटलं. पुन्हा ती कमांड दिली नाही.

*

मग रावसरांचा हुकूम आला, सोडून गेलेल्यांची नावं आजच काढा. सिक्युरिटी! सकाळी अकराला फाइल उघडली. वेंकटचं नाव पुसलं. साजिदच्या नावावर कर्सर नेला, तेवढ्यात स्क्रीनवर बाजूलाच उघड्या टेस्ट रूममध्ये ओळ उमटली.

साजिद: चाय.

मामा: चाय तैयार, नीचे आ जाव!

फाइल सेव्ह न करताच बंद केली आणि जिना उतरलो. वेटरला दोन चहा सांगितले.

"दूसरा किसका?"

"आ रा, भाई."