तत्त्वबाईंचा मुद्दा

कॉलेजात तीस वर्षं नीतिशास्त्र शिकवून निवृत्त झालेल्या बाईंना इस्पितळाने आपल्या नैतिक समितीवर घेतलं, ते नियमात 'एक बाहेरची व्यक्ती' हवी होती म्हणून. डॉक्टरमंडळी त्यांना पाठीमागे तत्त्वबाई म्हणत. बाईंना ते ठाऊक होतं आणि, खोटं कशाला बोला, थोडं आवडतही होतं.

प्रकरण आलं ते कपडे शिवणाऱ्या एका बाईचं. वय बत्तीस, लग्न नाही, मूल नाही. महिन्यातले पंधरा दिवस अंगावरून जायचं. सगळी औषधं करून झाली आणि आता ती म्हणत होती, पिशवी काढून टाका. सर्जनबाई तयार होत्या. विभागप्रमुखांचं म्हणणं, "उद्या हिचं लग्न ठरलं की हीच आपल्या नावाने खडे फोडेल." दोघांचं जमेना, म्हणून कागद समितीपुढे.

बाईंना चेव आला. दुसऱ्यांच्या सोयीसाठी बायकांच्या पिशव्या कशा काढल्या गेल्या, तो सगळा इतिहास त्यांनी मांडला आणि शेवटी विचारलं, "ही इच्छा तिची आहे की तिच्या थकव्याची?" टेबलाभोवती बऱ्याच माना डोलल्या. वा! विषय पुढच्या महिन्यावर गेला. बाई त्या दिवशी घरी गेल्या त्या गुणगुणतच.

पुढच्या बैठकीत सर्जनबाईंनी रक्ताचा रिपोर्ट टेबलावर आपटला. हिमोग्लोबिन सहावर आलं होतं. "दोन बाटल्या रक्त चढवलंय. ती शुद्धीत आहे, शहाणी आहे. अजून किती विचारायचं तिला?"

बाईंनी रिपोर्ट ओढून वाचला. त्या चटकन म्हणाल्या, "माझं चुकलं. थकलेल्या माणसाचा निर्णयही त्याचाच असतो. करा ऑपरेशन."

"असं कसं?" विभागप्रमुख गोड हसले. "तुमचाच मुद्दा आम्हाला पटलाय. सहा महिने समुपदेशन करू, मग बघू."

बाई चिडल्या, टेबलावर हात आपटला, पार घसा बसेपर्यंत बोलल्या. पालथ्या घड्यावर पाणी! मतदान झालं. ऑपरेशनच्या बाजूने दोन, विरुद्ध पाच. आपलंच हत्यार आपल्याच हाताने त्या माणसाला दिलं, याचा संताप त्यांना त्याच्यापेक्षा स्वतःवर जास्त आला.

सर्जनबाईंनी दुसऱ्या इस्पितळातल्या मैत्रिणीला गाठलं आणि चिठ्ठी लिहून दिली. ती शिवणारीच्या दुकानात पोचवायला बाई स्वतः निघाल्या. दुकान अरुंद होतं, गिऱ्हाइकांच्या कपड्यांचे ढीग छतापर्यंत. शिवणारी मशीनवर बसली होती, ओठ पांढरे पडलेले, खुर्चीवर प्लास्टिक अंथरलेलं. समितीचं पत्र तिला आधीच मिळालं होतं.

"यात लिहिलंय, इच्छा माझी नाही, थकव्याची आहे," ती म्हणाली. "हे कोणाच्या डोक्यातून निघालं?"

"माझ्या," बाई म्हणाल्या. चिठ्ठी पुढे करून त्या घाईघाईने म्हणाल्या, "पण ते चुकीचं होतं. इथे जा, इथे लगेच करतील. मला वाटलं, आपण स्वतः येऊन सांगावं."

शिवणारीने मशीन थांबवलं, चिठ्ठी वाचली आणि घडी करून ब्लाउजात ठेवली.

"आज आलात तशा तेव्हाच मला विचारायला का नाही आलात?"