मावशीचं हिरवं फूल

माझी मावशी शिवणकाम करते आणि गच्चीवर शरदात फुलणारे नर्गिस लावते. त्यांचे कांदे उन्हाळाभर कोरड्या मातीत तापू द्यावे लागतात. एकदा काकांचा जीव कळवळला. त्यांनी गुपचूप पाणी घातलं आणि सगळे कांदे कुजले. तेव्हापासून मावशी त्यांना झारीला हात लावू देत नाही.

तिने नवे कांदे आणले. शिलाई मशीन झाडायच्या ब्रशने दोन जातींचा संकर केला, बी पेरलं आणि वर्षानुवर्षं वाट पाहिली. परवा बिनपानांच्या दांड्यावर हिरवं फूल आलं.

शेजारीण म्हणाली, “अजून कळीच आहे की.”

काका फणकारले, “कळी कसली? वास घेऊन बघा. असं फूल जगात फक्त हिच्या कुंडीत आहे.”

मावशीने झारी भरून काकांच्या हातात दिली. “घाला. आता त्याला तहान लागलीय.”