पाणी म्हणजे इस्पिक

जे आता सांगतोय ते माझ्या बायकोलासुद्धा ठाऊक नाही — आणि खरं तर तिलाच ते सगळ्यांत आधी कळायला हवं होतं. तुम्हाला सांगणं सोपं आहे. तुमच्याकडे बघत बोलावं लागत नाही.

नव्वदच्या दशकातली गोष्ट. आम्ही दुबईत, करामाला राहायचो. मी जबल अलीतल्या एका कंपनीत गोदामाचं काम बघायचो. शुक्रवारी सुट्टी असायची. जेवणं झाली की आमच्या हॉलमध्ये मेंढीकोट — दश्श्या पकडायच्या, चारही मिळाल्या की समोरच्या जोडीवर कोट. पैसे लावायचे नाहीत. त्या देशात जुगार म्हणजे थेट व्हिसावर गदा. मग हरलं काय आणि जिंकलं काय? पण समोरच्या जोडीत माझे साहेब असायचे. आठवडाभर ज्यांच्यापुढे मान खाली, त्यांच्यावर शुक्रवारी कोट चढवायचा — त्याची मला चटक लागली होती. खोटं कशाला बोलू?

माझा भिडू प्रकाश. तो पूर्वी बोटीवरच्या कॅसिनोत कामाला होता. तिथे पत्ते मोजणाऱ्या टोळ्या यायच्या म्हणे. एक जण टेबलावर बसून गेलेली पानं मनात मोजत राहायचा. मोठी पानं उरली की दुसरा सहज आल्यासारखा येऊन मोठा डाव लावायचा. एकमेकांकडे ढुंकूनही बघायचे नाहीत. निरोप जायचा तो साध्या बोलण्यातून — हवा, सिगारेट, पाठदुखी. "खूण ही खूण वाटली की खलास," प्रकाश सांगायचा.

आम्ही त्यातूनच आमची खूण काढली. माझी बायको सुनीता — मी तिच्याकडे पाणी मागितलं की प्रकाशने इस्पिक खेळायचं. चहा म्हणजे बदाम. बडीशेप म्हणजे किलवर. एसी कमी कर म्हणजे चौकट. आणि ती बिचारी दर वेळी उठून ते सगळं करायची! हसत यायची, सगळ्यांच्या मागून ट्रे फिरवायची, कुणाच्या तरी हातातल्या पानांत डोकावून "वा!" म्हणायची. माहेरी पत्ते खेळतच वाढलेली ती. तिला यातलं काहीही माहीत नव्हतं.

मुद्द्यावर येतो. येतोय — जरा दमानं घेऊ द्या.

एका शुक्रवारी आमचा लागोपाठ दुसरा कोट झाला. साहेबांनी हातातली पानं खाली टाकली. "वन मिनिट. वहिनी मागून पाणी घेऊन येतात आणि लगेच प्रकाशला बरोबर रंग सापडतो. हर टाइम! हे काय चाललंय?"

सुनीता ट्रे धरून उभी. तिला आधी ती थट्टाच वाटली — ती हसली. मग तिचा चेहरा उतरला आणि तिने माझ्याकडे पाहिलं. प्रकाशनेही पाहिलं. एक वाक्य पुरलं असतं — लबाडी आमची आहे, तिचा काही संबंध नाही. पण मग शनिवारी ऑफिसात तोंड कसं दाखवणार? तेव्हा माझ्या मनात एवढंच आलं. सुनीता मनात आलीच नाही.

नुसता गप्प बसलो असतो तरी एक वेळ ठीक... पण मी बोललो. म्हणालो, "सॉरी सर. यापुढे ती बाहेर येणार नाही."

संध्याकाळी भांडी आवरताना तिने विचारलं, "अहो, मी बघते कधीकधी पानं. पण ओठसुद्धा हलवले नाहीत हो कधी. माझ्या चेहऱ्यावर दिसतं का?" मुलगी दारात येऊन उभी राहिली. "मम्मा, व्हाय आर यू क्राइंग?"

आता साहेब नव्हते, प्रकाश नव्हता. घाबरायचं कुणाला होतं? तरीही मी म्हणालो, "दिसत असेल."

माझा गुन्हा तो आहे. हॉलमधला नव्हे, स्वयंपाकघरातला. कारण तिने ते खरं मानलं. शुक्रवारी ती ट्रे दाराशी ठेवून मान खाली घालून आत जायला लागली. मैत्रिणी काही खासगी सांगू लागल्या की म्हणायची, "मला नको बाई सांगू, माझ्या चेहऱ्यावर सगळं दिसतं." मैत्रिणी हळूहळू सांगेनाशा झाल्या. प्रकाश कायमचा भारतात परतला तेव्हा विमानतळावर म्हणाला, "वहिनींना सांगून टाक यार." मी म्हटलं, "इन्शाल्ला." तिथे हा शब्द कितीदा नुसती टाळाटाळ असतो, ते आम्हा दोघांनाही माहीत होतं.

आणि मग मुलगी मोठी झाली. तिने लग्न ठरवलं, आणि आधी मला सांगितलं. एकट्याला, गाडीत. "बाबा, डोन्ट टेल मम्मा येट. तिच्या फेसवर लगेच दिसतं. त्याच्या घरी कळायच्या आधी सगळीकडे बोभाटा होईल. तुमचं बरं आहे, तुमच्या फेसवर काहीच दिसत नाही."

आपल्या मुलीचं लग्न ठरलंय, हे सुनीताला सगळ्यांच्या शेवटी कळलं. तोवर मी रोज तिच्यासमोर बसून जेवत होतो.