सासूबाईंचा ठोका

बावीस वर्षं तिने या घरात सुताच्या कांड्या भरल्या, त्याही भिंतीकडे तोंड करून. पाठीमागे हातमागावर सासूबाई. विणीत सूत बसवणाऱ्या फणीचा ठोका त्या इतका हलका देत की शाल कुरवाळून विणल्यासारखी उतरे. हाताने वाचवलेला सगळा जोर तोंडाला कामी येई. "तुझा हात म्हणजे मुसळ. कांड्याच भर तू."

सासूबाई गेल्या त्या अर्धी शाल मागावर ठेवून. सात वर्षं माग गोणपाटाखाली रुसून बसला होता.

मग विणकर मंडळाला जुने माग पुन्हा चालवायची हुक्की आली. माग मंडळाचेच. तपासनीस बाईंनी गोणपाट उचललं. "ही शाल पुरी करा. जुन्या-नव्या विणीचा जोड दिसला नाही तर माग तुमचा, शिकवायचं कामही तुमचं. दिसला तर माग दुसरीकडे जाईल."

तिने चार बोटं विणलं. फळीसारखं घट्ट. उसवलं. पुन्हा विणलं, पुन्हा फळी. नवरा म्हणाला, "मुसळच ते!" आणि दुपारच्या झोपेला गेला. आईचं टोमणा मारायचं तेवढं एकच कसब त्याने उचललं होतं.

सासूबाईंचा हात तिने पाहिला कुठे होता? नुसता ऐकला होता. तिने डोळे मिटले. आडव्या सुताचा धोटा सरकायचा, मग शिवी, मग ठोका. शिवी देताना सासूबाईंचा दंड सैल पडत असणार! तिने धोटा टाकला आणि घसा खाकरून म्हणाली, "मुसळहाती!" ठोका अलगद पडला. "आंधळे, सूत बघ!" आणखी एक अलगद.

तपासनीस बाईंनी भिंग लावूनही जोड सापडेना. माग राहिला.

दुसऱ्या दिवशी मागावर उभ्या सुताचा नवा ताणा चढला. ही शाल तिची स्वतःची, म्हणून ती हट्टाने गप्प राहून विणू लागली. पुन्हा फळी! नाइलाजाने तोंड उघडलं. आता शिव्या आठवाव्याही लागेनात. तिने कधी न ऐकलेल्यासुद्धा येऊ लागल्या. माहेरी हे शब्द नव्हते. मग आले कुठून? हात मात्र चालूच.

आतल्या खोलीतून नवऱ्याचा झोपाळलेला आवाज आला, "आई, हळू बोल ना गं."

माग थांबला. आत तोही आपल्याच शब्दांनी खडबडून जागा झाला असावा, कारण खाट करकरली आणि एकदम चिडीचूप झाली.

तिला म्हणायचं होतं, अहो, मी आहे.

"झोप रे बाळा," ती म्हणाली, आणि ठोका अलगद पडला.