फिकट रेघ
सुताला लावायच्या खळीचा वास आला की वडगावची ती सकाळ आठवते. आत माग खडखडत होता आणि मी परसात गर्भतपासणीची पट्टी घेऊन येरझाऱ्या घालत होते. पाकिटावर खात्री ठळक छापलेली, पट्टीवर मात्र एक रेघ आणि एक संशय. मागच्या खेपेला गल्लीभर पेढे वाटले आणि पंधरवड्यात सगळं संपलं, म्हणून आता मी कुणाला बोलले नव्हते. साडीतला चुकलेला धागा लांबून हुडकणाऱ्या सासूबाईंनी पट्टी हातातून घेऊन उजेडात धरली. “दुसरी रेघ हाय गं. फिक्कट हाय, पर हाय. उद्या दवाखान्यात रगात तपासू.” “आणि पेढे?” मी घाबरतच विचारलं. “गप! मागावरच्या कापडाची घडी घालतंय व्हय कोण?” आज लेकीचं अक्षर फिकट येतं म्हणून शाळेतल्या बाई तक्रार करतात, मला ते लांबूनही वाचता येतं.