तांदळात लिहिलेलं नाव

माझी सून दवाखान्यातल्या सरकारी योजनेच्या टेबलावरच्या बाईमुळं गेली, असं आमच्या गावात आजही बोललं जातं. त्या बाईनं पैसे मागितले, कागद मुद्दाम अडवले, असं लोक सांगतात. पैसे तिनं मागितले नव्हते. कागद अडले होते, पण ते माझ्यामुळं. इतकी वर्षं मी हे ऐकून घेतलं आणि गप्प बसलो.

आमच्याकडं लग्नात सुनेचं नाव बदलायची रीत आहे. ताटात तांदूळ पसरतात आणि नवरा अंगठीनं त्यात नवं नाव लिहितो. माझ्या पोरानं लिहिलं ते नाव मी निवडलेलं होतं, माझ्या आईचं. आई मी लहान असतानाच गेली. घरात पुन्हा त्या नावानं हाक ऐकू यावी एवढीच हौस. पुढं सेनगावला तहसीलात जाऊन रेशनकार्डावरही मी तेच नाव घातलं. तेव्हा कुणी आधार विचारलं नाही. आधारवर तिचं शाळेतलं नाव होतं.

काही वर्षांनी एकदा मला भाकरी वाढताना ती म्हणाली, "मामा, कारडावर माझं आधारचं नाव घालून घ्या ना. दुकानदार म्हणतो, दोन्हीकडं एकच ठेवा."

"माझ्या आईचं नाव खोडायला मलाच तहसीलात पाठवतीस व्हय?"

ती हसली. "कारडावर खोडलं म्हणून आजेसासूबाई काय घर सोडून जायच्या न्हाईत, मामा."

"मग तू आधार बदलून घे."

"त्या नावानं म्या धाव्वी पास झाले. तेवढं एकच हाय माझं." हे मात्र ती हसत म्हणाली नाही.

कार्ड माझ्या नावावर, अर्जावर सही माझी लागणार. पुढं तिनं आणखी एकदा विषय काढला. मी ऐकू न आल्यासारखं करून रानात निघून गेलो.

सोयाबीन काढणीच्या दिवसांत तिचं पोट दुखायला लागलं. गॅस असेल म्हणून ओवा दिला, सोडा दिला. दुसऱ्या दिवशी सकाळी पोट फळीसारखं कडक झालं. जीपनं हिंगोलीला नेलं. सोनोग्राफीत दिसलं, अपेंडिक्स फुटलंय. आजच्या आज पोट उघडावं लागेल, नांदेडला न्या म्हणाले. निघताना पेटीतून केशरी रेशनकार्ड मीच काढून घेतलं होतं. वाटेत पोरगा रडकुंडीला आला तेव्हा मी खिशावर हात मारून म्हणालो, "कार्ड हाय ना आपल्यापाशी. योजनेत फुकट होऊन जातंय."

दवाखान्यात योजनेच्या टेबलावर एक तरुण बाई होती. तिनं कार्ड बघितलं, आधार बघितलं, पुन्हा कार्ड बघितलं.

"दादा, ही बाई या कार्डावर नाहीये."

"ताई, एकच बाई हाय ती! लग्नात नाव बदललं," पोरगा म्हणाला.

"मला पटतंय हो. कॉम्प्युटरला पटत नाही. लग्नाच्या नोंदणीचा दाखला?"

नोंदणी आम्ही केली नव्हती.

"मग दुरुस्ती का नाही करून घेतली आधी?"

पोरगा माझ्याकडं बघायला लागला. त्याला काही माहीत नव्हतं. सून जे काही बोलली ते माझ्यापाशीच बोलली होती. मी म्हणालो, "राहून गेलं." त्या बाईनं तिच्या परीनं जोर लावला. सरपंचाचं पत्र मागवा, मी वर पाठवते, म्हणाली. पत्र मोबाइलवर आलं, त्यावर शिक्का नव्हता, पुन्हा मागवलं. अनामत भरली तर मंजुरीवाचून लगेच ऑपरेशनला घेतो, असं शेजारच्या खिडकीत सांगत होते. पैशासाठी पोरगा एकेकाला फोन लावत सुटला, पण तेवढी रक्कम जमली नाही. अशा वेळी आधी ऑपरेशन आणि मग कागद करता येतात, हे आम्हाला नंतर कळलं. त्या दिवशी सांगणारं कुणी भेटलं नाही.

मी आत तिच्यापाशी गेलो. डोळे मिटलेले, ओठ वाळलेले. मी आईच्या नावानं हाक मारली. ती हलली नाही. सलाईन बदलायला आलेल्या नर्सनं कागदावरचं नाव वाचून हाक मारली, तिच्या शाळेतलं. तिनं डोळे उघडले आणि "हो" म्हणाली. मग मी दिसलो.

"मामा, जुळले का कागद?"

"जुळले," मी म्हणालो. जुळले नव्हते.

मंजुरी आली तेव्हा दिवस कलला होता. पोटात सगळीकडं पू पसरला होता, असं डॉक्टरांनी बाहेर येऊन सांगितलं. आल्याआल्याच घेतलं असतं तर वाचली असती का, हे विचारायची माझी हिंमत झाली नाही. दोन दिवसांनी ती गेली. पोरगा त्या टेबलापाशी जाऊन त्या बाईला नाही नाही ते बोलला. ती मान खाली घालून ऐकत राहिली. मी चार पावलांवर उभा होतो.

आता नातीचं, तिच्याच पोरीचं, लग्न ठरलंय. परवा नवऱ्यामुलाकडच्या पाहुण्यांचा फोन आला, तांदळात कोणतं नाव लिहायचं ते आम्ही काढून ठेवलंय, म्हणून. पोरानं ते मला सांगितलं, आणि मी म्हणालो, "बदलायचं न्हाई म्हण."

"काहून? तुमीच तर हौसेनं..."

मग मी त्याला सगळं सांगितलं. भाकरी वाढतानाचं बोलणं, रानात निघून गेलो ते, टेबलापुढं "राहून गेलं" म्हणालो ते.  शेवटी त्यानं एवढंच विचारलं, "तिनं तुमाला दोनदा सांगितलं व्हतं?"

"व्हय."

"आन् म्या त्या ताईच्या अंगावर गेलो, बाबा."

 मग त्यानं पाहुण्यांना फोन लावला. "पोरीचं नाव बदलायचं न्हाई," तो म्हणाला. पलीकडून काहीतरी विचारलं असावं. त्यानं फोन कानावरून काढला आणि माझ्यापुढं धरला.

"काहून ते आमचे बाबा सांगतील."