चॅपलमधली बारा ते चारची पाळी

लोटूभाऊ महाजनांनी अकरा वर्षं देवाला रोज दुपारी झोपवलं आणि आमच्या कॉलेजात ते कोणाच्या लक्षातही आलं नाही. देव दुसऱ्यांचा होता, पण ही गोष्ट त्यांच्या लेखी किरकोळ होती.

आमचं कॉलेज सुरतेतलं, मिशनऱ्यांनी काढलेलं, सकाळचं. मी तिथे वनस्पतिशास्त्र शिकवायची. मी पुण्याची, त्यामुळे देवाविषयी माझी ठाम मतं होती आणि ती मी कोणी न विचारताही सांगत असे. आवारात चिंचेखाली छोटं चॅपल होतं. रोज दहाच्या सुट्टीत प्रार्थना, बुधवारी बायबलचा वर्ग, रविवारी उपासना, असा फलक दाराशी लावलेला. यायचं की नाही ते ज्याच्या त्याच्या मर्जीवर. आमचे बहुतेक विद्यार्थी हिंदू, तरी परीक्षा जवळ आली की चॅपल भरून जाई.

त्या चॅपलचे शिपाई लोटूभाऊ. गाव अमळनेरकडे, बिऱ्हाड लिंबायतला. अठरा वर्षं कापडाच्या लूमवर काढली आणि त्या खडखडाटात कान जवळजवळ गेले, तेव्हा कोणाच्या तरी ओळखीनं इथे लागले. बाकं पुसायची, गीतांचे आकडे फळीवर लावायचे, घंटा वाजवायची. गीत क्रमांक एकशे बारा म्हटलं की पुस्तक न उघडता पान सांगत. प्रसाद नाही एवढीच त्यांची तक्रार होती. पण चौऱ्याण्णवला, प्लेगच्या वर्षी, अर्धं सुरत मिळेल त्या गाडीनं पळालं, तेव्हा हा माणूस चॅपलची चावी करदोट्याला बांधून इथेच राहिला. "देवले एकला कसा टाकू, मॅडम?" असं मला म्हणाले होते.

लिंबायतला त्यांच्या घराशेजारी मारुतीचं देऊळ. तिथे दुपारी बाराला पडदा पडतो आणि चारला उघडतो. तेव्हा इथेही बाराला कुलूप. जुने पाळकसाहेब स्वतःच जेवून आडवे होत, त्यामुळे देव आणि पाळक दोघंही बरोबरच झोपत आणि सगळं सुरळीत चाले.

शहाण्णव साली जुने साहेब निवृत्त झाले आणि रेव्हरंड मॅकवान आले. आणंदकडचे, तरुण, उत्साही, दिवसातून दोनदा इस्त्रीचा शर्ट बदलणारे. मार्चमध्ये परीक्षा सुरू झाली, पेपर दुपारचे. भर दुपारी साडेबाराला त्यांना चॅपलच्या पायरीवर आमच्या दुसऱ्या वर्षातली शीतल रडवेली उभी दिसली. ही मुलगी जिथे जिथे देव असेल तिथे अर्ज टाकून ठेवणारी. एक वाजता तिचा पेपर होता आणि दार बंद. दारासमोर लोटूभाऊ डबा उघडून बसलेले.

"देव निजेल शे," ते तिला समजावत होते. "चारले उघाडसू."

मॅकवानसाहेबांचा चेहरा लाल झाला. आमचा देव झोपत नाही, असं त्यांनी गुजरातीत, मग हिंदीत आणि शेवटी कान लक्षात घेऊन ओरडून सांगितलं. लोटूभाऊंनी भाकरी खाली ठेवली. त्यांना खरंच धक्का बसला होता.

"साहब, दिनपाळी भी उसकी, रातपाळी भी उसकी? बदली कोई नहीं उसका?"

लूमवर कारागीर जेवायला किंवा चहाला उठला तर कोणीतरी बदलीवर उभं राहतं, माग सोडून जात नाहीत. अकरा वर्षं ज्याची सेवा केली त्याला ही साधी सोयही नाही, हे लोटूभाऊंना पटेना. साहेबांना मात्र तो उद्धटपणा वाटला. त्यांनी चावी काढून घेतली, चॅपल दिवसभर उघडं राहील असं फलकावर लिहिलं आणि लोटूभाऊंना माझ्या प्रयोगशाळेत पाठवलं. तिथे त्यांनी माझ्या शेवाळाच्या काचपट्ट्या इतक्या स्वच्छ पुसल्या की शेवाळ उरलं नाही. मी रागावले नाही. चावी नसलेल्या करदोट्याकडे सारखा हात जाणाऱ्या माणसावर रागवायचं तरी कसं? मला फार वाईट वाटत होतं.

पण बारा वाजले की ते गायब. आठवडाभर मी सोडून दिलं. मग एक दिवस पावणेचारला शोधायला निघाले, तर चॅपलच्या दाराशी मॅकवानसाहेब उभे होते. त्यांनी तोंडावर बोट ठेवलं.

लोटूभाऊ शेवटच्या बाकावर ताठ बसलेले. पुढच्या बाकावर शीतल. ती अडखळत, हुंदके देत काहीतरी सांगत होती, वेदीला की लोटूभाऊंना ते कळत नव्हतं. लोटूभाऊंना तर त्यातला शब्दही ऐकू जात नसणार, पण मान बरोबर हलत होती. ती डोळे पुसून आमच्या शेजारून निघून गेली.

चारचे ठोके पडले. लोटूभाऊ उठले, वेदीपुढे गेले आणि पाळी बदलताना बदलीवरचा कारागीर बोलतो तशा मोठ्या आवाजात बोलले, "मनी पाळी सरनी. एक पोर येल व्हती. रडी गयी. काय बोलनी ते माले ऐकू उनं नही. आते तू देख."

साहेब त्यांना हाकलायला आले होते, हे त्यांनी मला नंतर कबूल केलं. त्या वेळी मात्र ते पुढे झाले. खिशातून चावी काढली आणि लोटूभाऊंच्या हातात ठेवली.

"बारा बजे बंद करूं?" लोटूभाऊंनी लगेच विचारलं. माणूस हट्टी तो हट्टीच.

"नहीं. खुला रखो. पण तमे बेसो." साहेब त्यांच्या कानाशी वाकले. "जम्या?"

लोटूभाऊंनी बाकाखालून डबा काढून दाखवला. भाकरी तशीच होती. पाळीवर कोणी जेवतं का?

"तो लोटूभाई, तमारो बदली कोण?"

लोटूभाऊ गोंधळले. अठरा वर्षं लूमवर आणि अकरा वर्षं इथे, हा प्रश्न त्यांना कोणी विचारला नव्हता. ते चावीकडे पाहत राहिले, मग उपरण्यानं तोंड पुसलं, जरा जास्तच वेळ.

त्या दिवसापासून एक ते दोन मॅकवानसाहेब बसायचे आणि लोटूभाऊ चिंचेखाली गरम गरम नाही पण निवांत जेवायचे. फक्त शुक्रवारी साहेबांची दुसरीकडे सभा असे. शुक्रवारी मी बसायची. जर्नलं तपासायला न्यायची, माझी मतं मात्र बाहेर चपलांपाशी ठेवावी लागत. दोनला लोटूभाऊ हात पुसत यायचे आणि विचारायचे, "कोणी उनं व्हतं का, मॅडम?" आणि मी उभी राहून, कोण आलं होतं ते त्यांना नीट सांगायची.